माझ्या एकटीसाठी या जगण्यात काही आहे का?

माईंना विचारा

प्रश्न : माई, मी पारोळा तालुक्यातली, वय ४१. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या छातीत कळ आली आणि धुळ्याला नेईपर्यंत ते राहिले नाहीत. तीन एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि दादर ज्वारी करते. सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली आहे. लेक बारावीला आहे. पहाटे चारला उठते, सासूचं अंग पुसते, भाकरी टाकते, शेतात जाते ती दिवेलागणीला परत येते. सोसायटीचं कर्ज आहे. गावातल्या एकाकडून घेतलेल्या पैशांचं व्याज दर महिन्याला वेगळं. मालक गेल्यापासून आखाजीच्या सणाला माहेरून न्यायला मुऱ्हाळी आला नाही. ज्याला सांगावं तो म्हणतो, ‘लेकीकडे पाहून जग.’ लेक उद्या सासरी जाईल, सासूबाई आज ना उद्या जातील, मग मी कोणाकडे पाहू? पूर्वी दादर राखायला शेतातल्या माळ्यावर बसले की पाखरांच्या आवाजात जीव रमायचा, आता तेही वाटेनासं झालंय. रात्री वाटतं झोपावं आणि उठूच नये. एवढे कष्ट सोसून जगावं असं माझ्यासाठी, माझ्या एकटीसाठी, या जगण्यात काही आहे का? कर्माची फळं सांगू नका, समजूतही काढू नका. खरं उत्तर द्या.

उत्तर : माय, तुझं पत्र वाचून मी आधी फोन लावला, लिहायला नंतर बसले. तुझ्या संमतीनं हे छापते आहे आणि तुझी ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

फोनवर मी तुला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? तू जरा वेळ गप्प राहिलीस. मग म्हणालीस, ‘येतो माई, पण रोज नाही.’ त्यावर आपण दोघींनी काय केलं ते इथं लिहिते, कारण हे पान वाचणाऱ्या आणखी कुणाच्या मनात तोच विचार असेल. फवारणीची औषधं त्याच संध्याकाळी तुझ्या घरातून निघाली आणि शेजारणीच्या घरी कुलपात गेली, किल्ली तिच्याकडे. गावच्या आशाताईला तू स्वतः सांगितलंस. आणि १४४१६ हा नंबर लेकीनं तुझ्या मोबाइलमध्ये टाकून दिला. ती टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री फोन केला तरी चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा करणारा विचार जोर करून येतो तेव्हा त्याचा तो जोर बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं आणि जवळ कुणी माणूस असलं की माणसं वाचतात. आरोग्य सेविकेच्या नोकरीत मी अशी वाचलेली माणसं पाहिली आहेत, पुढे त्यांच्या घरची लग्नकार्यंही जेवले आहे.

आता तुझा प्रश्न. खरं उत्तर मागितलंस म्हणून आधी एका शब्दात सांगते : आहे. पण नुसतं ‘आहे’ म्हणून मी सुटले तर तीही एक समजूतच होईल, म्हणून नीट लिहिते.

‘लेकीकडे पाहून जग’ या सल्ल्याचा तुला राग येतो, आणि तो राग मला पटतो. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. पण बाईला जन्मभर कुणाकडे तरी पाहूनच जगायला सांगतात. आधी बापाच्या अब्रूकडे, मग मालकाकडे, मग लेकरांकडे. पुरुषाची बायको गेली तर वर्षाच्या आत त्याला दुसरी सोयरीक पाहतात, कारण त्याचं स्वतःचं आयुष्य अजून शिल्लक आहे असं सगळ्यांना मनापासून वाटतं. तुझंही शिल्लक आहे असं कुणी म्हणालं नाही. मी म्हणते. लेक तुझा आनंद आहे, पण तुझ्या श्वासाचं कारण होण्याचं ओझं सतरा वर्षांच्या पोरीवर टाकू नये असं तुला आतून वाटतं, आणि ते बरोबर आहे.

अमळनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून माझी सारी नोकरी गेली. लोक नर्सबाई म्हणायचे. त्या नजरेनं तुझं पत्र वाचताना मी कर्जापाशी थांबले नाही, व्याजापाशीही नाही. मी थांबले माळ्यापाशी. पाखरांच्या आवाजात जीव रमायचा, आता तेही वाटेनासं झालंय, असं तू लिहिलंस. दुःख झालेल्या माणसाचं तसं होत नाही. नवरा गेलेली बाई ढसाढसा रडते आणि घटकाभरानं नातवाच्या बोबड्या बोलाला हसते, हे मी घरोघर पाहिलंय. दुःख मधूनमधून जागा सोडतं. जेव्हा कशातच गोडी राहत नाही, झोप पहाटे तीनला मोडते, घास फिरतो, आणि असं दोन आठवड्यांच्या वर चालतं, तेव्हा तो आजार असतो. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तुझं असं किती महिने चाललंय ते तू फोनवर सांगितलंस, म्हणून मी हे ठामपणे लिहिते.

हे लिहिलं की काही जणींना वाटतं, म्हणजे मी वेडी ठरले. तसं काही नाही गं. साखर वाढली की तपासतो, तसंच हेही तपासायचं. गोळ्या सुरू झाल्या की दोन ते चार आठवड्यांनी फरक कळू लागतो. म्हणून आठ दिवसांत ‘काही गुण नाही’ म्हणत सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करायच्या नाहीत. तुला धुळं जवळ. हिरे मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. सकाळच्या एसटीनं निघालीस तर काम उरकून संध्याकाळच्या आत घरी येशील. त्या दिवशी सासूबाईंपाशी कोण बसणार, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. त्यावर मी येतेच.

आजाराबद्दल एवढं सांगण्याचं कारण असं की जगण्याचं मोल ठरवायला तू बसलीस तेव्हा तुझं मन आजारी होतं. त्या मनाला पुढचा आणि मागचा सगळाच काळ काळा दिसतो. मालकांबरोबर तू एकोणीस वर्षं सुखानं काढलीस असं फोनवर म्हणालीस, पण पत्रात त्याची एक ओळ नाही. तू लपवलंस असं नव्हे, लिहिताना ते तुला दिसलंच नाही.

तरी कष्ट खरे आहेत. गोळीनं व्याज फिटत नाही आणि अर्धांगवायूची सासू उठून चालत नाही. इथं मला एक बाई आठवते. माझ्या हद्दीतल्या गावातली, आता ती हयात नाही, म्हातारपणानं गेली. तरुणपणी तिनं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता. घरच्यांनी पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर केला, पण ती वाचली. (आता तशी भीती बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. आधी दवाखाना गाठावा.) ती घरी आल्यावर मी रोज जात होते. एके दिवशी विचारलं, तुला काय हवंय ते सांग. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘कपभर चहा. भरलेला. बशीत वाटून राहिलेला नको.’ तिच्या घरात नऊ माणसं, चहा तीच करायची, सगळ्यांना देऊन पातेल्यात जे उरेल ते बशीत ओतून उभ्या-उभ्या प्यायची, तेही कधी उरायचं कधी नाही. मी त्याच वेळी तिच्या सासूला ओट्यावर बसवलं आणि स्वतः चहा केला. तिला पहिला कप दिला, काठोकाठ. तो कप तिनं दोन्ही हातांत धरला आणि लगेच प्यायली नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

त्या बाईनं मला एक गोष्ट दाखवून दिली, तीच तुला सांगायची आहे. तिला आयुष्य नको नव्हतं. आयुष्य म्हणून जे तिच्या पुढ्यात आलं होतं ते सगळं दुसऱ्यांचं उरलंसुरलं होतं. जगणं सोसण्याच्या लायकीचं आहे का हे ठरवायला आधी ते आपल्या वाट्याला यावं लागतं. तुझ्या पत्रातला दिवस मी पुन्हा वाचला. पहाटे चार ते रात्री दहा, त्यात तुझं म्हणावं असं काय आहे? सासूबाईंना दोन लेक होते. एक गेला. दुसरा भिंतीला भिंत लावून राहतो, हे तू फोनवर सहज बोलून गेलीस, पत्रात तेवढं महत्त्वाचंही तुला वाटलं नाही. त्याच्या आईचं अंग दोन वर्षं तू एकटी पुसते आहेस.

म्हणून वाटणी माग. रागावून नको, पण ठरवून. पोलीस पाटील किंवा तुझ्या दिराचा ज्यांच्यावर विश्वास आहे असं वडीलधारं माणूस समोर बसव आणि दीर-जावेला सांग : आईंची सकाळ माझी, संध्याकाळ तुमची. महिन्यातून एक दिवस मी दवाखान्यात जाईन, तो पूर्ण दिवस तुमचा. मुलांनी आई-वडिलांना सांभाळायचं हा नुसता रिवाज नाही, २००७ चा कायदाही आहे. कायदा काढायची वेळ येऊ नये, पण आपण भीक मागत नाही हे बोलताना तुला माहीत असावं.

दुसरं, सातबारा. अजून मालकांचंच नाव आहे आणि दीर म्हणतो ‘नाव लावायची घाई काय’. घाई आहे. हिंदू वारसा कायद्यानं मालकांच्या हिश्श्यात तू, लेक आणि सासूबाई अशा तिघींचा सारखा वाटा आहे. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दे. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला सरकारनं २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली होती, तेव्हा असं विचारणारी तू पहिली नाहीस. आपल्या नावाचा उतारा हातात आला की पीककर्ज, विमा, अनुदान या सगळ्यांत तुझ्याशी बोलावं लागतं. वाटेनं जाताना बाईची मान कशी असते यातही फरक पडतो. मी पाहिलाय म्हणून सांगते.

व्याजवाल्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते आधी बघ. नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानं त्याचा धंदाच बेकायदा ठरतो. तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर सही देऊ नकोस, आणि जे देतेस ते तारखेसह वहीत लिहीत जा. विधवांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, उत्पन्नाची अट आहे, बसत असशील तर महिन्याला १५०० रुपये मिळतात, अर्ज तहसील कचेरीत. लेकीला पुढे व्यावसायिक शिक्षण घ्यायचं असेल तर ठरावीक प्रवर्गांतल्या आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी २०२४-२५ पासून लागू झाली आहे. कॉलेजात विचार. तिच्या फीची चिंता तू मनात धरून असशील तर निम्मी तरी उतरेल.

आता आखाजी. यावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात कमी शब्दांत लिहिलेली पण सगळ्यात खोल गेलेली गोष्ट हीच आहे. खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. बाकी मुलखात ती सोनं घ्यायची तिथी असेल, आमच्याकडे ती सासुरवाशिणीची दिवाळी. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आंब्याचा रस आणि सांजोऱ्या होतात, आणि भाऊ बहिणीला घ्यायला येतो. त्याच दिवशी घरात गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. म्हणजे ज्या दिवशी तू मालकांच्या नावाची घागर भरतेस, त्याच दिवशी दारात भाऊ नसतो. एका दिवसात दोन वेळा तुला एकटं पाडतात.

भावानं मुद्दाम टाळलं असं मला वाटत नाही. विधवा बहिणीला सणाला न्यायचं कसं, झोक्यावर बसवायचं की नाही, गौराईपुढं उभं करायचं की नाही, हे न कळून लोक सरळ बोलावणंच टाळतात. म्हणून तूच फोन कर. ‘भाऊ, मी आखाजीला येतेय, घ्यायला ये,’ एवढंच बोल. आणि गेल्यावर झोक्यावर बस. कुणी बोट दाखवलं तर सांग की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवांना बाजूला सारणाऱ्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. नियम माणसांनीच केलेले होते, माणसंच मोडतात. तुझ्या माहेरच्या गावात तू पहिली असशील तर पुढच्या वर्षी दुसरी असेल.

मालकांची उणीव मात्र यातल्या कशानं भरणार नाही. ते तुला सांगितलं नाही तर मी खोटं बोलले असं होईल. माझे मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली, अजून संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की कान टवकारतात. आणि तरी मी माझ्यासाठी जगते. हिवाळ्यात बामणोदची हिरवी मोठी वांगी येतात, ती मी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजते, मिरच्या-लसूण घालून ठेचते, कांद्याची पात टाकते, कळण्याची भाकरी करते आणि अंगणात बसून जेवते. त्या घासाचा कुणाला काही उपयोग नाही. त्यानं कुणाचं पोट भरत नाही, कुणाचं ऋण फिटत नाही. तो माझा असतो. मला वाटतं तू विचारलेलं ‘माझ्या एकटीसाठी काही’ ते असंच असतं, आणि त्याची चव लागायला मन बरं असावं लागतं, थोडी सवड असावी लागते. दोन्ही मिळवता येतात.

आधी धुळं. सोमवारी जायचं आपलं ठरलं आहे. केसपेपर काढलास की तिथूनच मला फोन कर, मी वाट पाहते.

प्रश्न : माई, मी रावेर तालुक्यातला, एसटीतून निवृत्त झालो. माझा लहानपणचा मित्र केळी करतो. मे महिन्याच्या वादळात त्याचा कापणीला आलेला सगळा बाग आडवा झाला. तेव्हापासून तो बोलत नाही, चावडीवर येत नाही. परवा त्यानं त्याची आवडती बैलजोडीची गळ्यातली घुंगरं मला देऊन टाकली, म्हणाला ‘तुझ्याकडे राहू दे’. मला भीती वाटते. पण त्याला त्याबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात यायचा, असं घरचे म्हणतात. विचारू का?

उत्तर : भाऊ, विचारा. आणि हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नका. म्हणून तुम्हालाही मी फोन केला होताच, इतरांसाठी लिहिते. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर तो बोलायला वाट मिळते आणि माणूस हलका होतो. गप्प होणं, माणसांतून उठणं, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, या खुणा एकत्र दिसल्या की उशीर करू नये.

चावडीवर नको, त्याच्या शेतावर जा. आडव्या झालेल्या बागेतच त्याच्याशेजारी बसा. ‘होईल सगळं ठीक’ असं आल्या-आल्या म्हणू नका, त्याचं नुकसान त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. किती घड होते, काय भाव चालू होता, हे त्याला सांगू द्या. मग विचारा, ‘जिवाचं काही करायचं मनात येतं का?’ हो म्हणाला तर घाबरू नका, रागावूही नका, पोराबाळांच्या शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला त्याच्यासमोरच विश्वासात घ्या, शेतातली औषधं तिथून हलवा, आणि त्याच्याशेजारी बसूनच १४४१६ लावा. नंतर जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात स्वतः बरोबर जा. पंचनाम्याचे आणि फळपीक विम्याचे कागद तो बघत नसेल. तुम्ही नोकरीत कागदपत्रं हाताळली आहेत, ती फाइल तुम्ही हातात घ्या. नाही म्हणाला तरी पुन्हा जा. घुंगरं परत देऊ नका, पण ‘पोळ्याला तूच येऊन घेऊन जा, आपण दोघं मिळून बांधू’ असं सांगा, आणि पुढच्या भेटीचा वार ठरवूनच तिथून उठा.